कोम्ब जेली: प्राण्यांच्या वंशवृक्षाची पहिली फांदी हिची की स्पंजची?

देवळ्यातून समुद्र लांब, पण नीटची तयारी करणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांना टेनोफोरा हे नाव ओळखीचं असतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात प्राणिसंघांच्या यादीत ते स्पंज आणि जेलीफिशच्या नंतर, तिसऱ्या क्रमांकावर येतं. वाद नेमका या क्रमाचाच आहे.

कोम्ब जेली म्हणजे काय?

कोम्ब म्हणजे कंगवा. या पारदर्शक समुद्री प्राण्याच्या अंगावर केसांसारख्या सूक्ष्म तंतूंचे कंगवे आठ रांगांत असतात. ते हलवत तो पोहतो. कंगव्यांवर प्रकाश पडला की इंद्रधनुषी रंग खेळतात. दिसायला जेलीफिशसारखा असला, तरी तो डंख मारत नाही; बहुतेक जाती चिकट पेशींनी भक्ष्य पकडतात. अरबी समुद्रातही कोम्ब जेली आढळतात.

मग वाद कसला?

स्पंजला ना चेतापेशी, ना स्नायू. त्यामुळे इतर प्राण्यांपासून सर्वांत आधी वेगळा झाला तो स्पंजच, असं दीर्घकाळ मानलं गेलं. २००८ मध्ये जनुकांच्या तुलनेतून कोम्ब जेलीचं नाव पुढे आलं आणि वाद पेटला.

मे २०२३ मध्ये 'नेचर'मधल्या संशोधनाने वेगळा मार्ग घेतला: कोणती जनुकं कोणत्या गुणसूत्रावर एकत्र आहेत, हे पाहिलं. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसले, तर नुसतं पिसत राहून ते पुन्हा वेगळे होत नाहीत. गुणसूत्रांचंही तसंच. जनुकांचे काही गट कोम्ब जेलीत आणि प्राण्यांच्या एकपेशीय नातेवाइकांत वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. स्पंजसह बाकीच्या प्राण्यांत मात्र ते मिसळलेले आहेत. म्हणजे ही मिसळ होण्याआधीच कोम्ब जेली वेगळी झाली असावी.

त्याने काय बिघडतं?

बरंच काही. कोम्ब जेलीला चेतापेशी आहेत, स्नायूही आहेत. ती पहिली असेल, तर एक तर स्पंजने असलेली चेतासंस्था गमावली, किंवा चेतासंस्था दोनदा, स्वतंत्रपणे घडली. दुसरी शक्यता अचाट वाटते खरी. पण २०२३ मध्येच 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात, नेमिओप्सिस या कोम्ब जेलीच्या चेताजालातल्या पेशी मध्ये फट न ठेवता एकमेकींत विलीन झालेल्या दिसल्या. आपल्या मेंदूत चेतापेशींमध्ये सहसा सूक्ष्म फट असते.

स्पंजची बाजू घेणारे संशोधक अजूनही ठाम आहेत. कोम्ब जेलीची जनुकं इतक्या वेगाने बदलली आहेत, की जनुकांच्या तुलनेत ती चुकून मुळाशी ढकलली जाते, असं त्यांचं म्हणणं आहे.