सस्कॅचेवानची ‘रूरल म्युनिसिपालिटी’: गाव हद्दीत, पण मोजणीत नाही

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचा दक्षिण भाग म्हणजे प्रेअरी, म्हणजेच गवताळ मैदानी प्रदेश. इथला ग्रामीण कारभार जवळपास ३०० ‘रूरल म्युनिसिपालिटी’ पाहतात. नावात म्युनिसिपालिटी असली तरी हद्दीत मुख्यतः शेतंच.

नकाशावर त्या पट्टीनं आखल्यासारख्या दिसतात, कारण जमीन तशीच मोजली गेली. एक मैल बाय एक मैलाचे ३६ चौकोन म्हणजे एक टाउनशिप. अशा साधारण ९ टाउनशिपची एक म्युनिसिपालिटी, म्हणजे सुमारे ८४० चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत अनेकदा काहीशे माणसंच राहतात.

पण हा आकडा जपून वाचावा लागतो. हद्दीने वेढलेलं छोटं शहर किंवा गाव ही वेगळी स्थानिक संस्था असते आणि तिची लोकसंख्याही वेगळी मोजतात. आदिवासींच्या राखीव जमिनींचंही तसंच. गंमत म्हणजे म्युनिसिपालिटीचं ऑफिस बऱ्याचदा त्याच ‘बाहेरच्या’ गावात असतं!

तरीही लोक कमी झाले, हे खरंच. १८७२ च्या कायद्यानं १० डॉलर फी भरून १६० एकर मिळत. १९३६ मध्ये प्रांतात सुमारे १ लाख ४२ हजार शेतं होती. २०२१ मध्ये ३४ हजार उरली. यंत्रं आली, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची जमीन घेतली आणि सरासरी शेत १,७०० एकरांच्या पुढे गेलं. सस्कॅटून शहराभोवतालच्या कॉरमन पार्कसारखे अपवाद आहेत. तिथं सुमारे ९ हजार लोक राहतात.

रस्त्यांची आखणी मात्र जुनीच, दर एक-दोन मैलांवर. त्यांवर खडी टाकणं आणि हिवाळ्यात बर्फ हटवणं हा खर्च उरलेल्या करदात्यांवर येतो.