चुलीचा धूर आणि मगनवाडीचे धुराडे

भगिनींनो, मंडळाच्या वाढदिवशी धुराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या आज्या-पणज्यांचे निम्मे आयुष्य ज्या हवेत गेले, तिलाही इतिहास आहे. आणि त्याचे एक पान हिंगण्याच्या शेजारी, वर्ध्याला लिहिले गेले.

पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हे आपल्याकडचे जळण. पावसाळ्यात ते ओलावे, आणि फुंकणी फुंकता फुंकता डोळ्यांना धार लागे. बाईला धाप लागली की ते वयाचे लक्षण समजत. १९५९ साली दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस्. पद्मावती यांनी फुफ्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या भागावर येणाऱ्या ताणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी न ओढणाऱ्या स्त्रियांतही हा रोग आढळला, तेव्हा संशय चुलीच्या धुरावर गेला.

उपाय मात्र त्याआधीच निघाला होता. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. संघाचे ठाणे मगनवाडीत होते, आणि मगनलाल गांधींच्या नावाची ही वाडी १९४७ च्या सुमारास मगन चुलीमुळे गृहिणींना ठाऊक झाली. चूल मातीचीच, पण लांबट. तोंडाशी एकच जाळ. त्याची आच एकामागून एक भांड्यांखालून जाई आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर पडे. एका जाळावर वरण, भात आणि आंघोळीचे पाणी!

मग ती घरोघर का टिकली नाही? धुराड्यात काजळी साचे. ते वरचेवर झाडावे लागे. कवेलूंना भोक पाडले की पावसात तेथेच गळे. मागच्या वैलावर भांडे नसले तर धूर पुन्हा घरात. छपरावर चढायचे कोणी, हा प्रश्न चूल बसवणाऱ्यांना बहुधा पडलाच नसावा. तो रांधणारीला पहिल्याच महिन्यात पडे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी योजना काढली. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या, आणि त्यांतील कितीतरी याच कारणांनी बंद पडल्या. २००२ मध्ये ती योजना संपली.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस गरीब घरांतही पोहोचला. तरी दुसरे सिलिंडर परवडेपर्यंत आंघोळीचे पाणी अनेक घरांत पऱ्हाट्यांवरच तापते.