मोसम सोडला, संध्याकाळ धरली : ड्रीम११ची वाटचाल

हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत ड्रीम११ सुरू केले. आयपीएलचा पहिला मोसमही त्याच वर्षीचा. जैन यांना इंग्लंडमध्ये शाळेत असताना फुटबॉलच्या फॅन्टसी लीगचा नाद लागला होता. तसेच काही क्रिकेटसाठी हवे, एवढीच मूळ कल्पना होती. खेळ फुकट होता, पूर्ण मोसमाचा होता आणि खर्च जाहिरातींतून निघेल असा हिशेब होता. तो हिशेब काही जमला नाही.

फॅन्टसी लीगच्या या छंदाची मुळे बेसबॉलमध्ये आहेत. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना घेऊन रोटिसरी लीग सुरू केली. ही मंडळी न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात जमत, त्याचेच नाव लीगला मिळाले. प्रत्येकाकडे सारखीच रक्कम. तेवढ्यात खऱ्या बेसबॉलपटूंवर बोली लावायची, संघ बांधायचा आणि मोसमभर तो सांभाळायचा. बेसबॉलमध्ये एकेक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, म्हणजे सहा महिने जिवाला घोर. कोणी जायबंदी झाला, कोणाची बॅट थंडावली, की दुसऱ्या मित्राशी घासाघीस करून खेळाडूंची अदलाबदल करायची. खरी मजा या ट्रेडमध्ये होती. आपल्याकडे काय जास्त आहे, समोरच्याला काय कमी पडते आणि ते त्याच्या लक्षात आले आहे का, हे ज्याला ओळखता येई तो जिंके.

ड्रीम११ने २०१२ मध्ये मोसम सोडला आणि एक सामना धरला. प्रवेश फी भरायची, १०० क्रेडिटमध्ये दोन्ही संघांतून अकरा खेळाडू निवडायचे, कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट. सामना संपला की निकाल, निकालापाठोपाठ पैसे. ट्रेडला यात जागाच उरली नाही. एका संध्याकाळी कोण कोणाशी काय बदलणार?

धंदा म्हणून निर्णय अचूक ठरला. स्वस्त मोबाइल आणि त्याहून स्वस्त इंटरनेट गावोगावी पोचले, तशी खेळणाऱ्यांची संख्या फुगत गेली. २०१८ मध्ये धोनी जाहिरातीत आला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या वर गेले. देशातल्या गेमिंग कंपन्यांत हा मान पहिला. २०२० मध्ये प्रायोजक विवो बाजूला झाल्यावर २२२ कोटी रुपयांत आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्वच ड्रीम११कडे आले.

आमच्याकडे ही वाढ सात ते साडेसात या अर्ध्या तासात दिसायची. सातला टॉस, मग अंतिम अकरा जाहीर, आणि साडेसातला पहिला चेंडू पडण्याआधी टीम पक्की करायची. नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईत, चहाच्या गाड्यावर तेवढा वेळ माना खाली आणि प्रश्न एकच : टीम लावली का? ४९ रुपयांत कोटीचे स्वप्न मिळत होते.

पण नांदेड आणि लातूर हे सरहद्दीचे जिल्हे. तेलंगणाने २०१७ मध्येच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. धर्माबादेत बसून टीम लावावी आणि सरहद्द ओलांडून बासरला गेले की पैशांचे सामने बंद, असा प्रकार होता. देगलूरपलीकडेही तेच. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तसाच कायदा केला. उदगीरला चालू असलेला खेळ बिदरला थांबला. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि बिदर पुन्हा मोकळे झाले. एकच सामना, एकच अकरा. हद्द ओलांडली की कौशल्याचा जुगार होई.

कौशल्य की जुगार, हा वाद न्यायालयांत कंपनीने जिंकला होता. पन्नास हजार रुपये हरलेल्या एका खेळाडूच्याच याचिकेवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये हा कौशल्याचा खेळ ठरवला. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. निकालाचा आदर ठेवूनही चाहता म्हणून माझे मत वेगळे आहे. कौशल्य दिसायला काळ लागतो. साठ-सत्तर सामन्यांत जाणकाराची निवड उजवी ठरतेच. एका सामन्यात सुटलेला एक झेल लाखोंचे गणित उलटवतो.

राजवर्धन हंगरगेकरचे उदाहरण पाहा. तुळजापूरचा हा वेगवान गोलंदाज २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. चेन्नईने त्याच वर्षी दीड कोटीला घेतला आणि पूर्ण मोसम बाकावर ठेवला. पदार्पण झाले ते ३१ मार्च २०२३ ला गुजरातविरुद्ध, आणि त्यात तीन बळी. एका सामन्याच्या खेळात बाकावरच्या पोराची किंमत शून्य. मोसमभराच्या लिलाव-लीगमध्ये मात्र लातूरचा एखादा शहाणा चाहता त्याला स्वस्तात उचलून वर्षभर जपून ठेवील. आपल्या भागातल्या पोराची माहिती असणे हे तिथे भांडवल ठरते.

कंपनीची चढण २०२३ मध्ये शिखरावर पोचली. त्या जुलैत ३५८ कोटींच्या तीन वर्षांच्या करारावर ड्रीम११ भारतीय संघाच्या छातीवर आले. लगेच ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला. त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने दीड कोटी जिंकले आणि पाठोपाठ ते निलंबित झाले. सरकारी नोकराने हे खेळावे का, यावर तेव्हा मोठी चर्चा झाली. राज्याला हा खेळ अजून पचला नव्हता, हे त्यातून कळले.

मग ऑगस्ट २०२५. ऑनलाइन गेमिंगचे विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचे खेळ देशभर बंद. ड्रीम११ने पैशांचे सामने थांबवले, जर्सीवरून नाव गेले, आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाविना उतरला. ४९ रुपयांचे व्यसन होऊन ज्यांची घरे कर्जात गेली, त्यांच्या दृष्टीने हे बरेच झाले, आणि मलाही त्याचे दुःख नाही.

खंत आहे ती ट्रेडची. खऱ्या आयपीएलमध्ये तो जोमात आहे. शार्दूल ठाकूर आजवर तीनदा ट्रेड झाला. तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबर २०२५ मध्ये, लखनौहून मुंबईत आला. त्याच महिन्यात संजू सॅमसन चेन्नईला, तर रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला गेले. छत्तीस वर्षांचा जडेजा देऊन एकतीस वर्षांचा यष्टिरक्षक-सलामीवीर घेणे हा चेन्नईचा शहाणपणा, असे मला वाटते. करन वरून देणे मात्र महागात पडले. यावर लातुरात आणि नांदेडात तासन्‌तास वाद होतात. पण ते वाद जिथे खेळात उतरतील असा खेळ आपल्याकडे रुजलाच नाही. आयपीएलच्या अधिकृत फुकट फॅन्टसीत मोसमभर खेळाडू बदलता येतात. मित्राकडून मागून घेता येत नाहीत.

आता पैसा गेला आहे, तर ड्रीम११ने २००८ च्या वाटेवर परतावे. दहा मित्रांची लीग, लिलाव, सारखी रक्कम आणि मोसमाच्या मध्यावर ट्रेडची मुभा द्यावी. कंपनीने नाही दिली तरी अडत नाही. ओक्रेंटच्या मित्रांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे ॲप कुठे होते? वही आणि दहा भांडखोर जाणकार एवढेच भांडवल लागते, आणि मराठवाड्यात दोन्हींची वाण नाही.