बाटली किती वर्षं टिकेल?

मे महिन्यात आमच्या रायपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. इथे समता कॉलोनीत माझ्या घराच्या वरच्या खोलीत फौजेतली एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात मी दहा वर्षं लाल वाइनची एक बाटली जपून ठेवली होती. आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो, तेव्हा माझ्या एका कोर्समेटनं ती नाशिकहून आणली होती. "दहा वर्षांनी मिळून उघडू," असं ठरलं होतं. तो मधेच गेला. गेल्या हिवाळ्यात मी ती एकट्यानं उघडली. रंग तपकिरी झाला होता, शिजवलेल्या मनुकांसारखा वास येत होता आणि चवीत नुसता आंबटपणा उरला होता. चूक त्या वाइनची नव्हती, माझ्या ट्रंकेची होती. पण प्रश्न मनात राहिला. कोणती वाइन वयात येईल आणि कोणती नुसतीच म्हातारी होईल, हे आधी ओळखता येतं का?

या प्रश्नाची इतिहासातली सर्वांत गाजलेली परीक्षा पॅरिसमध्ये झाली. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. कोणत्या ग्लासात काय आहे, हे परीक्षकांना सांगितलं नव्हतं. लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची 'स्टॅग्ज लीप', १९७३ सालची. बोर्दोची नामांकित 'मूतों रोथशिल्ड' तिच्या मागे पडली. फ्रेंचांचं म्हणणं असं, की आमच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, वीस-तीस वर्षांनी बघा. दावा अगदीच पोकळ नव्हता, कारण बोर्दोच्या वाइन दीर्घायुषी असतात हा पिढ्यांचा अनुभव होता. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली कॅलिफोर्नियाचीच 'रिज माँटे बेलो', १९७१ सालची. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे होते. म्हणजे घराण्याच्या नावावरून आयुष्य सांगता येत नाही. ते ग्लासातच शोधावं लागतं.

मग ग्लासात काय शोधायचं? चार गोष्टी. पहिली तुरटपणा, म्हणजे टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून ते येतं. कोरा कडक चहा प्यायल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच हे. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटतात, गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. दुसरी आंबटपणा. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं, तर वाइनमध्ये अजून जीव आहे. तिसरी फळाचा दाटपणा. तुरटपणा भरपूर आणि फळ कमी असेल, तर फळ आधी संपतं आणि मागे नुसता तुरटपणा उरतो. चौथी लांबी. घोट गिळल्यावर चव किती सेकंद रेंगाळते, ते मनातल्या मनात मोजायचं. या चारही गोष्टी भरपूर हव्यात आणि एकमेकींच्या तोलाच्या हव्यात. एक साधा घरगुती प्रयोगही आहे. अर्धी बाटली बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. चव खुलली असेल तर तिला पुढे वर्षं आहेत. मेली असेल तर तिची वेळ झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. इथला इतिहास लहान आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ वाइन बनवली आणि ती 'ओमर खय्याम' नावानं परदेशात गेली. २००० साली राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन नाशिकहून बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. पुढे अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे एक बंधू आणि इटलीचे एक बंधू एकत्र आले. म्हणून कंपनीचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. त्यांची २००९ च्या तोडणीची 'सेत्ते' ही पिंपात मुरवलेली, ठेवून पिण्याजोगी म्हणून केलेली लाल वाइन. पण ३० वर्षांची मराठी लाल वाइन चाखून बघायची म्हटलं, तर ती आणायची कुठून?

आणि हवामान? युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपला झोपत नाही. म्हणून शेतकरी वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी. तोडणी जानेवारीअखेर ते मार्च. युरोपात द्राक्षं थंडी वाढत असताना पिकतात, आपल्याकडे ऊन वाढत असताना. ऊन वाढलं की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. नाशिकच्या थंड रात्री तो थोडा राखून ठेवतात. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत प्यायलेल्या बऱ्या. पिंपात मुरवलेल्या निवडक वाइन जास्त टिकू शकतात, पण बारा ते पंधरा अंशांच्या अंधाऱ्या, स्थिर जागी. बूच कॉर्कचं असेल तर बाटली आडवी हवी, नाहीतर कॉर्क सुकतो आणि हवा आत शिरते. रायपूरच्या उन्हाळ्यात माझ्या ट्रंकेनं यातलं काहीच दिलं नाही.

आज कोणी विचारलं तर मी सांगतो, जपायचीच असेल तर एकच बाटली जपू नका. एकाच वर्षाच्या सहा घ्या, दर वर्षी एक उघडा आणि वहीत चार ओळी लिहा. महाराष्ट्राच्या लाल वाइनचं आयुष्य किती, याची नोंद अशीच तयार होईल. आणि बरोबर बसायला ज्याला बोलवायचं, त्याला पहिल्याच वर्षी बोलवा. आम्ही दोघं तिसऱ्या वर्षी बसलो असतो, तर वाइनही चांगली असती आणि तोही असता.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.