एन्झाइमला रोखणारं प्रथिन कसं हलतं? चमक सांगते!

जालना जिल्हा हायब्रीड बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. हायब्रीड करायचं तर मादी वाणाचं स्वतःचं परागीभवन थांबवावं लागतं. मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणासाठी हे काम ‘बार्नेज’ हे एन्झाइम करतं. ते आरएनए तोडतं, त्यामुळे परागकण तयारच होत नाहीत. शेतकऱ्याच्या पिकात मात्र दाणे भरायला हवेत. तिथे ‘बारस्टार’ हे प्रथिन बार्नेजला चिकटून त्याला रोखतं.

प्रथिनं हलतात, हे कसं कळतं?

प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अतिनील प्रकाशात चमकतं. ते घडीच्या आत दडलेलं असेल तर चमक साधारण ३३० नॅनोमीटरला दिसते. घडी उलगडून पाणी लागलं की ती ३५० कडे सरकते. ही चमक काही नॅनोसेकंदच टिकते. तेवढ्यात तो भाग किती फिरला, हे प्रकाशाच्या ध्रुवणातल्या बदलावरून मोजतात.

हे कुणी केलं?

तेव्हा बंगळुरूच्या ‘एनसीबीएस’मध्ये असलेले जयंत उदगावकर आणि तेव्हा मुंबईच्या ‘टीआयएफआर’मध्ये असलेले जी. कृष्णमूर्ती यांनी याच पद्धतीने बारस्टारची घडी आणि हालचाल अभ्यासली. हीच पद्धत एन्झाइमांनाही लागू पडते.

उपयोग काय?

स्थिर चित्रात एन्झाइमचा आकार दिसतो. ते काम कसं करतं आणि औषध त्याला कसं अडवतं, हे समजायला त्याची हालचालही पाहावी लागते.