सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण: दर्जा कसा ओळखायचा? वाशिमच्या निमित्ताने समजून घ्या

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून वाशिम, गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद हे चार जिल्हे त्यात आले. या कार्यक्रमात जन्मतः बाळाचं वजन घेतलं का, पहिल्या तासात स्तनपान झालं का, हेही मोजलं जातं.

रुग्णालयात पोहोचलं की काम झालं?

नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयातच होतात. त्यामुळे आता खरा प्रश्न आहे तो दारातून आत गेल्यावर काय होतं याचा. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो आणि जन्मल्यावर न रडलेल्या बाळासाठी पहिलं मिनिट मोलाचं असतं. तेव्हा इमारतीपेक्षा तिथली नर्स, औषध आणि तयारी महत्त्वाची.

‘लक्ष्य’ म्हणजे काय?

प्रसूती कक्ष आणि सिझेरियनचं शस्त्रक्रियागृह यांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम. यात रुग्णालयाची तपासणी होऊन गुण मिळतात. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात.

चांगल्या प्रसूती कक्षात काय दिसायला हवं?

• कळा सुरू असताना आईचा रक्तदाब, बाळाचे ठोके आणि प्रसूतीची प्रगती यांची वेळोवेळी नोंद.
• पडदा किंवा आडोसा, आणि सोबतीला घरची एक बाई.
• बाळ जन्मताच रक्तस्राव रोखण्यासाठी आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन.
• बाळाला कोरडं करून आईच्या छातीवर ठेवणं, तासाभरात अंगावर पाजणं.
• श्वास न घेणाऱ्या बाळासाठी बॅग-मास्क हाताशी आणि तो वापरता येणारी व्यक्ती हजर.
• शिवीगाळ किंवा मारहाण अजिबात नाही. सन्मानाने वागवणं हाही दर्जाचाच भाग आहे.

बाळ अशक्त असेल तर?

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन म्हणजे कमी वजनाचं बाळ. नवजात बालकांची सोय तीन पातळ्यांवर असते: प्रत्येक प्रसूती कक्षात नवजात कोपरा, ग्रामीण रुग्णालय पातळीवर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष कक्ष, म्हणजे एसएनसीयू. मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातून वाशिमला बाळ हलवताना ते थंड पडू देऊ नका. आईच्या छातीला उघड्या अंगाने बिलगवून वर पांघरूण घाला.

एसएनसीयूत यंत्रांइतकीच सुरक्षाही मोलाची. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशा कक्षात आग लागून १० नवजात बाळं दगावली होती.

तुमचा हक्क काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही मोफत. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तरी हा हक्क तिथेही लागू होतो. मात्र माता व बाल संरक्षण कार्ड सोबत हवं, कारण आधीच्या तपासण्यांची नोंद त्यातच असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीही ते जवळ ठेवावं.

गाडीसाठी १०२ किंवा १०८, आणि तक्रार वा माहितीसाठी १०४ हे क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते.

घरी आल्यावर

रुग्णालयातून आल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मध्येच बाळ दूध ओढेनासं झालं, थंड किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, तर त्यांची वाट पाहू नका. आईला भरपूर रक्तस्राव, झटके, किंवा तीव्र डोकेदुखीसोबत अंधुक दिसणं असेल तरीही लगेच १०८ ला फोन करा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचा फायदा गावापर्यंत पोहोचायचा तर प्रसूती कक्षातली ही साधी कामं प्रत्येक वेळी, रात्री दोन वाजताही, व्हायला हवीत.