फोटोशॉपच्या ‘अ‍ॅक्शन’ची कुळकथा

शंभर फोटोंचा आकार कमी करायचा, उजेड थोडा वाढवायचा, कडेने पांढरी पट्टी द्यायची आणि प्रत्येक फोटो नव्या नावाने सेव्ह करायचा. १९९६ पर्यंत फोटोशॉपमध्ये हे काम करणाऱ्याला एकतर बाहेरचा प्रोग्रॅम शोधावा लागे, नाहीतर तेच शंभरदा हाताने करावे लागे. तिसऱ्या आवृत्तीत कमांड्स पॅलेट होते, पण त्याच्या एका बटणावर एकच आज्ञा बसायची.

१९९६ च्या अखेरीस चौथी आवृत्ती आली आणि त्या जागी अ‍ॅक्शन्स पॅलेट बसले. गोल बटण दाबून रेकॉर्डिंग सुरू करायचे, एका फोटोवर नेहमीसारखे काम करायचे, मग थांबवायचे. अशी नोंदलेली पावले म्हणजे एक ‘अ‍ॅक्शन’. पुढे तीच पावले अख्ख्या फोल्डरवर चालवता येऊ लागली. प्रोग्रॅमिंगची एक ओळही न शिकता!

या कल्पनेचे कूळ मात्र जुने आहे. १९७५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी ‘पिग्मॅलियन’ ही प्रणाली मांडली. संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या नाहीत, उदाहरण करून दाखवायचे, हा तिचा गाभा. पुढच्याच वर्षी आलेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅमच्या नावातच ‘मॅक्रो’, म्हणजे एका आज्ञेत बांधलेली पावलांची मालिका, दडलेला होता. पण तो मजकुराचा प्रांत. चित्रांच्या बाबतीत सर्वांत देखणे काम केले ते कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड कर्लँडर आणि स्टीव्हन फायनर यांनी. १९८८ मध्ये त्यांनी चित्र काढतानाची पावले चित्रकथेच्या चौकटींसारखी मांडून दाखवली. पुढे याच चौकटींमधून हव्या त्या निवडून त्यांचा मॅक्रो बनवायची सोयही झाली. झालेले काम डोळ्यांसमोर ठेवून त्यातले पुन्हा लागणारे वेचायचे, ही रीत आजही अ‍ॅक्शन्सच्या कोरड्या यादीपेक्षा सरस वाटते.

कारण ही यादी फार शब्दशः वागते. रेकॉर्डिंग चालू असताना एखाद्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, क्लिक केले, तर त्या लेयरचे नाव नोंदले जाते. पुढच्या फाइलमध्ये त्या नावाचा लेयर नसला की गाडी तिथेच अडते. म्हणून जाणकार क्लिक टाळून ‘खालचा लेयर’ निवडणारा कीबोर्ड शॉर्टकट वापरतात. मापाचेही तसेच. पट्टीचे एकक पिक्सेल असेल तर लहान-मोठ्या सगळ्या फोटोंना एकच आकडा लागतो. टक्के ठेवले तर माप फोटोच्या आकाराप्रमाणे बदलते.

अ‍ॅक्शनला ‘असे असेल तर तसे कर’ हे कळत नसे. त्यासाठी स्क्रिप्टची, म्हणजे लिहून दिलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, सोय आली. २००२ च्या सातव्या आवृत्तीसाठी ती वेगळी बसवावी लागे, त्यानंतरच्या ‘सीएस’ या आवृत्तीपासून ती आतच मिळू लागली. अ‍ॅक्शनमध्ये अट घालायची सोय व्हायला २०१२ उजाडले.

महाराष्ट्रातल्या फोटो स्टुडिओंत अ‍ॅक्शनच्या तंत्राने पासपोर्ट फोटोच्या रूपात घर केले आहे. ४ बाय ६ इंचाच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो, तेही एका फंक्शन कीवर. अ‍ॅक्शनच्या यादीत क्रॉपच्या ओळीसमोर एक लहानशी खूण करता येते. ती केली की अ‍ॅक्शन तिथे थांबते. चेहरा चौकटीत नीट बसवून एंटर दाबले, की बॉर्डर आणि आठ प्रतींची मांडणी आपोआप होते आणि पान प्रिंटला तयार.